मावशींचं माहेर कुठलं?

प्रश्न १ : आनंदीबाई जोशींवर जे मिळेल ते वाचते, आणि दरवेळी अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंपाशी येऊन अडते. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या, अमेरिकेत पोचल्यावर त्यांच्याच घरी उतरल्या, गेल्यावर अस्थीसुद्धा त्यांच्याकडेच पाठवल्या. पण या बाई मूळच्या कुठल्या, आईवडील कोण, भावंडं किती, काहीच सापडत नाही. नेटवर 'मिसेस कार्पेंटर' टाकलं की हजारो कार्पेंटर येतात. माझी भाची न्यू जर्सीत आहे, ती फिरायला तयार आहे. सुरुवात कुठून करू? (कल्याणहून एक वाचक)

उत्तर : ताई, हे कुणीतरी विचारावं असं मला फार दिवस वाटत होतं. आपण आनंदीबाईंबद्दल भरभरून बोलतो, गोपाळरावांवरून तावातावाने भांडतो, पण जिने १८८० साली दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना एक मिशनरी मासिक चाळलं, त्यात गोपाळरावांचं पत्र आणि त्याला दिलेलं कोरडं उत्तर वाचलं, आणि ओळख ना पाळख अशा मुलीला सातासमुद्रापार पत्र धाडलं, तिला आपण नुसतं नवऱ्याच्या आडनावावर सोडून दिलंय. तिचं नाव थिओडोशिया. कुठे थिओडिशिया असंही लिहिलेलं सापडतं, दोन्ही स्पेलिंगं जवळ ठेवा.

आधी कार्पेंटर हे आडनाव बाजूला ठेवा. ते नवऱ्याचं, बी. एफ. कार्पेंटर यांचं, त्याच्या मागे गेलात तर त्यांचे आजे-पणजे सापडतील, मावशींचे नाही. माहेरचा धागा आहे आनंदीबाईंच्या समाधीपाशी. विचार करा, मावशी राहायच्या न्यू जर्सीतल्या रोझेलला, न्यूयॉर्क शहराच्या जवळ, आणि अस्थी ठेवल्या पकिप्सीला, हडसन नदीच्या काठाने वर साधारण सव्वाशे किलोमीटर. एवढ्या लांब का? कारण पकिप्सी रूरल सेमेटरीतली ती जागा मावशींच्या माहेरच्यांची, एमी घराण्याची आहे. स्पेलिंग विचित्र आहे, ई-आय-जी-एच-एम-आय-ई. म्हणजे आपल्या आनंदीला मावशींनी नुसतं कुठेतरी नाही ठेवलं, स्वतःच्या माहेरच्या माणसांत ठेवलं, हे मला तरी फार मोठं वाटतं.

तर भाचीला आधी पकिप्सीला पाठवा. आनंदीबाईंच्या दगडाचा फोटो सगळेच काढतात (शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री असं त्यावर कोरलंय), पण तिला सांगा की त्याच जागेतल्या प्रत्येक दगडाचा फोटो काढ, मागची बाजू आणि कडासुद्धा, कारण 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' हे बरेचदा कडेला कोरलेलं असतं. आणि जायच्या आधी सेमेटरीच्या ऑफिसला ईमेल करून विचारायचं की हा लॉट, म्हणजे पुरायची ही जागा, मुळात कुणी विकत घेतला, कधी, त्यात कोण कोण आहे आणि कुठल्या क्रमाने. त्या काळी अमेरिकेत एक कुटुंब एक लॉट घ्यायचं आणि त्यात दोन-तीन पिढ्या जायच्या, लग्न झालेल्या मुलीही कधी कधी परत माहेरच्या लॉटमध्ये यायच्या, आणि दगड नसलेली लहान मुलं फक्त ऑफिसच्या वहीत सापडतात. ही यादी हातात आली की निम्मं घराणं समोर आलं समजा.

मग सेन्सस, म्हणजे जनगणना. अमेरिकेत दर दहा वर्षांनी सेन्सस होतो आणि ७२ वर्षांनी तो लोकांसाठी खुला होतो, त्यामुळे १९वं शतक सगळं खुलं आहे. १८४० पर्यंत फक्त घरातल्या कर्त्याचं नाव, बाकीची माणसं वयाच्या रकान्यात नुसते आकडे म्हणून, त्यामुळे घरातली बाई त्यात असून नसल्यासारखी. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आलं (गुलामांची नावं तेव्हाही लिहिली नाहीत, मालकाच्या नावाखाली त्यांचं वय आणि लिंग तेवढं), पण कुणाचं कुणाशी नातं ते मात्र १८८० पासून. १८८० मध्ये आईवडिलांची जन्मठिकाणंही आली. म्हणून उलट जायचं, आधी १८८० मध्ये कार्पेंटरांचं घर शोधा, तिथे मावशींचं वय आणि जन्मठिकाण बघा, मग लग्नाआधीच्या सेन्ससमध्ये त्या वयाची थिओडोशिया कुठल्या एमींच्या घरात दिसते ते शोधा. एक अडचण आत्ताच सांगते, रोझेल हा स्वतंत्र बरो (छोटं शहर) १८९४ साली झाला, त्याआधी तो लिंडन टाउनशिपमध्ये होता, त्यामुळे १८८० च्या यादीत लिंडनखालीही बघा. आणि १८९० शोधण्यात वेळ घालवू नका, तो जवळजवळ सगळा १९२१ च्या वॉशिंग्टनमधल्या आगीत गेला. त्याच्या जागी न्यू जर्सीने स्वतःचा राज्याचा सेन्सस १८८५ आणि १८९५ ला घेतला होता तो वापरा.

न्यूयॉर्क राज्याचेही असे वेगळे सेन्सस होते आणि बायकांच्या शोधासाठी ते देशाच्या सेन्ससपेक्षा मला जास्त आवडतात. १८५५ च्या न्यूयॉर्क सेन्ससमध्ये नातं लिहिलंय, जन्म राज्यातल्या कुठल्या काउंटीतला तेही लिहिलंय, आणि या गावात किती वर्षं राहताय तेसुद्धा. १८६५ मध्ये बाईला किती मुलं झाली हाही रकाना होता. पकिप्सी डचेस काउंटीत येतं, तेव्हा डचेसपासून सुरू करा.

जन्माच्या किंवा लग्नाच्या सर्टिफिकेटची आशा मात्र ठेवू नका. न्यूयॉर्क राज्यात ही नोंदणी नीट सुरू झाली १८८० च्या सुमारास, मावशींचं लग्न त्याच्या आधीचं. न्यू जर्सीत मात्र १८४८ पासून आहे, त्यामुळे त्यांची मुलं तिथे जन्मली असतील तर ट्रेंटनच्या स्टेट अर्काइव्हजमध्ये नोंद मिळू शकते. आईच्या माहेरचं नाव मुलांच्या कागदात सापडतं हे कायम लक्षात ठेवा. मुलाचं मधलं नाव आईच्या माहेरचं आडनाव ठेवायची पद्धतही तिकडे खूप होती, कधी तर मुलीचं पहिलं नावच तसं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लोक नेमकं हेच सोडून देतात. बाईचे कागद शोधायचे नाहीत, बाईच्या माणसांचे शोधायचे. वडिलांचं, आईचं, बिनलग्नाच्या काकाचं, मूल नसलेल्या भावाचं मृत्युपत्र. न्यूयॉर्कमध्ये १८३० पासून मृत्युपत्र कोर्टात दाखल करताना सगळ्या जवळच्या वारसांची नावं आणि ते कुठे राहतात ते लिहून द्यावं लागायचं, ज्यांना दमडी मिळणार नाही त्यांचीही. त्यामुळे तिथे 'कार्पेंटर, मुलगी, राहणार रोझेल, न्यू जर्सी' अशा धर्तीची एक ओळ मिळाली की लग्नानंतरचं नाव आणि माहेर दोन्ही एका कागदावर जोडलं गेलं, शिवाय खाली सगळ्या बहिणी त्यांच्या सासरच्या आडनावांसकट. तुमच्यासाठी हे कागद पकिप्सीच्या सरोगेट कोर्टाचे, तिकडे मृत्युपत्रं आणि वारसांचं काम बघणाऱ्या कोर्टाला असं म्हणतात. आणि मृत्युपत्रच केलं नसेल तरी दप्तर असतं, तेव्हाही वारसांची यादी द्यावी लागायची.

जमिनीचे कागदही सोडू नका. नवऱ्याने जमीन विकली तर बायकोचा त्यात हक्क असायचा, म्हणून तिचीही सही घ्यायचे, आणि अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचा की तुझ्यावर जबरदस्ती नाही ना, आणि तसं कागदावर लिहायचा. जिच्याबद्दल एरवी कुणी अवाक्षर लिहिलं नाही अशा बाईचं नाव तिथे हमखास येतं. वडिलांनंतर सगळ्या भावंडांनी मिळून शेत विकलं असेल तर त्या खरेदीखतावर सगळी भावंडं आणि बहिणींचे नवरे एका रांगेत सापडतात.

हे सगळं बघायला आज अमेरिकेला जायची गरजही नाही. फॅमिलीसर्च ही साइट फुकट आहे, सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चची आहे, फक्त खातं उघडावं लागतं. २०२४ पासून तिथे फुल टेक्स्ट सर्च आलाय, म्हणजे हाताने लिहिलेल्या जुन्या खतांचा, मृत्युपत्रांचा मजकूर कॉम्प्युटरने वाचून ठेवलाय आणि आतल्या कुठल्याही नावावर शोधता येतं. बायकांसाठी हे फार मोठं आहे, कारण इंडेक्समध्ये नाव पुरुषाचं असायचं आणि बाई आत चौथ्या पानावर. एमी आडनाव टाकताना ई-एम-आय-जी-एच असंही टाकून बघा. डचेस काउंटीत एमिग नावाचं जुनं जर्मन पॅलेटाइन घराणं आहे, १७१० च्या सुमाराला ऱ्हाइन नदीकडून जे निर्वासित न्यूयॉर्कला आले त्यांच्यातलं, आणि एमी हे त्याच आडनावाचं बदललेलं रूप. म्हणून मावशी थेट त्यांच्याच असं मात्र आधीच धरून चालू नका, एकेक पिढी कागदाने जोडत मागे जा.

वर्तमानपत्रं शोधताना मात्र पुन्हा नवऱ्याचं नाव लागेल, कारण तिथे बाई 'मिसेस बी. एफ. कार्पेंटर' म्हणूनच छापली जायची. तिच्या भावाच्या किंवा आईच्या मृत्यूच्या बातमीत 'मागे रोझेलच्या मिसेस बी. एफ. कार्पेंटर' असं असू शकतं. न्यूयॉर्कच्या जुन्या वर्तमानपत्रांची एन वाय एस हिस्टॉरिक न्यूजपेपर्स ही साइट फुकट आहे. आणि भाची पकिप्सीला जाईलच तर तिथल्या एड्रिअन्स लायब्ररीत स्थानिक इतिहासाचं दालन आहे आणि डचेस काउंटीची वंशावळी मंडळीही आहे, त्यांना लिहा, आनंदीबाईंचं नाव सांगा.

शेवटचं म्हणजे, १८८८ साली कॅरोलाइन डॉल या बाईंनी बॉस्टनला आनंदीबाईंचं चरित्र छापलं, ते बरंचसं मावशींनी दिलेल्या पत्रांवर आहे. या वेळी ते वाचताना आनंदीबाई नका शोधू, मावशींच्या घरात कोण येतंय जातंय, कुणाचं नाव नुसतं ओझरतं येतंय, ते एका वहीत उतरवत जा. आनंदीबाईसुद्धा जन्माने यमुनाच होत्या, लग्नात पहिलं नावच बदललं, त्यामुळे उद्या पकिप्सीच्या एखाद्या बाईने त्यांचं माहेर शोधायला घेतलं तर तिलाही असाच घाम फुटेल.


प्रश्न २ : सावित्रीबाई फुल्यांनी नगरला मिस फरार यांच्याकडे शिक्षणाचे धडे घेतले असं आम्ही शाळेत सांगतो. या मिस फरारच्या घरच्यांबद्दल काही कळेल का? लग्न नाही, मूलबाळ नाही, मग वंशावळ तरी कशी मिळणार? (नगरहून एक शिक्षक)

उत्तर : सर, उलट ही बाई शोधायला सोपी आहे. लग्न नाही म्हणजे जन्मापासून मरेपर्यंत नाव तेच, सिंथिया फरार. जन्म १७९५ चा, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावातला, १८२७ साली बॉस्टनहून मुंबईला निघाल्या तेव्हा बत्तिशी ओलांडलेली, आणि गेल्या १८६२ ला नगरमध्येच. लग्न न झालेली बाई अमेरिकेतून परदेशात मिशनच्या कामाला पाठवायची ही जवळजवळ पहिलीच वेळ.

सेन्ससमध्ये मात्र नाव मिळणार नाही आणि त्याचं कारण समजून घ्या. नावं लिहायला लागले १८५० ला, आणि १८५० ला बाई नगरला, १८६० लाही नगरलाच. त्याआधी ती वडिलांच्या नावापुढचा एक आकडा आहे. १८०० मध्ये 'दहा वर्षांखालच्या मुली' या रकान्यात, १८१० मध्ये 'दहा ते सोळाखाली', १८२० मध्ये घरीच असेल तर 'सोळा ते सव्वीसखाली'. मार्लबरोतली सगळी फरार घरं काढा आणि कुठल्या घरात हा आकडा तिन्ही वेळा बरोबर बसतो ते बघा. एवढ्यावर सिद्ध काही होत नाही, पण भलती घरं गळतात.

सिद्ध होईल ते गावाच्या दप्तरात. न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या न्यू इंग्लंड भागात गावाचा कारकून एकेका कुटुंबाच्या जन्मांची नोंद ठेवायचा, बऱ्याचदा आईवडील वर आणि खाली सगळी मुलं तारखांसकट. शिवाय १९व्या शतकाच्या शेवटी तिकडे गावोगावच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं निघाली आणि त्यांच्या मागे गावातल्या घराण्यांच्या वंशावळ्या जोडलेल्या असायच्या, मार्लबरोचंही असं पुस्तक १८८१ ला छापलंय आणि ते नेटवर फुकट वाचता येतं. वंशावळीत बिनलग्नाच्या मुलीला जेमतेम अर्धी ओळ मिळते, त्यामुळे भावा-बहिणींच्या ओळी वाचा. आज जे कुणी नातलग असतील ते त्या भावंडांचे वंशज, म्हणजे मिस फरारची भाचरं, पुतवंडं. मृत्युपत्रं कीनला, चेशर काउंटीच्या कोर्टाची.

पण खरा खजिना हार्वर्डला आहे. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचं सगळं जुनं दप्तर हार्वर्डच्या हॉटन लायब्ररीत ठेवलंय, त्यात मराठी मिशनची पत्रं आहेत. मिशनला अर्ज करणाऱ्यासाठी त्याच्या चर्चचा पाद्री आणि ओळखीची माणसं शिफारसपत्रं द्यायची, आणि घरची परिस्थिती, शिक्षण, स्वभाव हे अशा पत्रांतच येतं. चर्चची वहीही मागा. माणूस गाव बदलताना जुनं चर्च नव्या चर्चला पत्र द्यायचं, त्यावरून बाई कुठून कुठे गेली ते वर्षासकट कळतं.

सर, तुमच्याकडून उलट मदत हवी. नगरला बसून जे करता येईल ते हार्वर्डला नाही होणार. मिशनची जुनी शाळा, चर्चच्या वह्या, जुन्या कबरींवरचे लेख, यांचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा, दगडावरची अक्षरं दरवर्षी झिजतायत.


प्रश्न ३ : माझे मिस्टर अमेरिकन आहेत, ओहायोचे. त्यांच्या खापरपणजीचं फक्त 'मेरी' एवढंच नाव माहीत आहे, नवरा सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेतल्या यादवी युद्धात) उत्तरेकडून लढला होता एवढं घरात सांगतात. एका साइटवर कुणीतरी तिची पार इंग्लंडच्या राजापर्यंत वंशावळ चढवलीय. विश्वास ठेवू का? (कोलंबसहून एक वाचक)

उत्तर : नका ठेवू. त्या झाडावर मेरीच्या आईवडिलांसाठी एखादा कागद जोडलाय का बघा, नसेल तर तिच्या वरचं सगळं विसरून जा. त्या वयाच्या मेऱ्या प्रत्येक टाउनशिपमध्ये ढिगाने होत्या.

तुमच्याकडे नवऱ्याची लढाई आहे आणि हे फार नशीब आहे. १८६२ च्या कायद्याने सैनिकाच्या विधवेला पेन्शन लागू झाली, १८९० ला तर नियम आणखी सैल झाले, आणि पेन्शन घ्यायची तर बाईला सिद्ध करावं लागायचं की मी याचीच लग्नाची बायको. लग्नाचा दाखला नसेल तर लग्नाला हजर असलेल्यांची शपथपत्रं. सोळा वर्षांखालची मुलं दाखवायची तर सुईणीचं किंवा डॉक्टरचं शपथपत्र. कुणी कुणी घरच्या बायबलमधली जन्म-लग्नाच्या नोंदींची पानंच फाडून पाठवली, ती अजून त्या फायलींमध्ये आहेत. कधी सरकारी तपासनीस गावात येऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या घ्यायचा, आणि त्या जबान्यांमध्ये बाई कुणाकडे राहायची, तिचा भाऊ कोण, पहिला नवरा होता का, हे सगळं तोंडच्या बोलीत उतरलेलं असतं. अक्षर ओळखता येत नसलेल्या बाईचंसुद्धा 'तिची खूण' म्हणून काढलेली फुली मिळते.

आधी फॅमिलीसर्चवर पेन्शनच्या इंडेक्स कार्डांमध्ये नवऱ्याचं नाव टाका, कार्डावर विधवेचं नाव आणि अर्जाचा नंबर असतो. १८९० चा सेन्सस जळाला असला तरी त्याच वर्षीची उत्तरेच्या सैनिकांची आणि विधवांची वेगळी यादी, इंग्रजी अक्षरक्रमाने केंटकीच्या अर्ध्यापासून पुढच्या राज्यांची, वाचली आहे, त्यात ओहायो आहे, तिथे रेजिमेंट मिळेल. एकाच नावाचे चार सैनिक निघतील तेव्हा रेजिमेंट आणि काउंटीवरून आपला कोणता ते ठरवायचं. मग तो नंबर देऊन वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्काइव्हजकडून पूर्ण फाइल मागवा, नुसती निवडक पानं नको, कारण माहेर बहुतेक वेळा निवडक पानांच्या बाहेरच असतं. मेरीने दुसरं लग्न केलं असेल तर पेन्शन बंद झाली असणार, मग ती दुसऱ्याच आडनावाने पुरली असेल, तेही फायलीत सापडेल.

फाइल आली की आधी लग्नाच्या साक्षीदारांची नावं बाजूला लिहून काढा आणि त्यांना त्याच काउंटीच्या १८५० आणि १८६० च्या सेन्ससमध्ये शोधा. साक्षीदार पुष्कळदा बहीण, भाऊ नाहीतर मेहुणा निघतो, आणि त्याच्या घराच्या आजूबाजूच्या पाच-दहा घरांत कुठेतरी लग्नाआधीची मेरी बसलेली असते.